स्लज मेटलचा, म्हणजे संथ, दाट गिटारांच्या मेटल संगीताचा जडपणा हवा आणि गुणगुणता येईल अशी चालही हवी, असा एखादा अल्बम सुचवाल का?

डोळे झाकून टॉर्चचा 'मीअँडरथॉल' लावा. मायामीचा बँड, अल्बम २००८चा. मेटल संगीताच्या 'डेसिबल' मासिकाने त्या वर्षीच्या अल्बममध्ये त्याला पहिल्या क्रमांकावर ठेवलं होतं, आणि मला ते अगदी रास्त वाटतं.

स्लजमध्ये बहुतेक गायक घसा फोडून ओरडतात. इथे बँडचा गायक-गिटारवादक स्टीव्ह ब्रूक्स स्वच्छ, मोकळ्या आवाजात गातो, त्यामुळे चाल थेट कानात शिरते. गाणीही आटोपशीर, बरीचशी तीन मिनिटांच्या आतच उरकतात. पण खाली गिटार मात्र कमालीची जड. ब्रूक्सची एक जुनी युक्ती आहे: सर्वांत जाड तार इतकी सैल करायची की तिच्यातून सूर निघतच नाही, नुसता स्फोटासारखा दणका बसतो. हेडफोनवर तो छातीत जाणवतो, मोबाइलच्या स्पीकरवर सगळा वाया जातो.

सुरुवात 'ग्रेनेड्स'पासून करा. मग 'अक्रॉस द शील्ड्स'. त्याची चाल दिवसभर डोक्यातून जात नाही. शेवटचं शीर्षकगीत मात्र संथ आणि अंगावर येणारं आहे, ते घाईत ऐकू नका.

हा आवडला तर ब्रूक्सचा आधीचा बँड 'फ्लोअर' नक्की ऐका.