ऑपरेशनच्या आधी, ऑपरेशननंतर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वडिलांचे हर्नियाचे ऑपरेशन सकाळी 9 ला होते. साडेसहाला त्यांनी अर्धा कप चहा घेतला, तेवढ्यावरून ऑपरेशन दुपारवर ढकलले. एवढ्याशा चहाने काय बिघडते? (सांगली)

उत्तर : नडले ते चहातले दूध. दूध जठरात फाटते, त्याचा चोथा होतो आणि तो पुढे सरकायला हलक्या जेवणाइतका वेळ घेतो. भूल दिल्यावर ठसका लागून श्वासनलिका वाचवण्याची शरीराची सोय बंद पडते. पोटातले वर आले की ते फुप्फुसात उतरते, आणि तो न्यूमोनिया जिवावर बेतू शकतो. म्हणून तळलेले किंवा मटणासारखे जड जेवण 8 तास आधी थांबवायचे. हलके जेवण, दूध आणि दुधाचा चहा 6 तास आधी. साधे पाणी आणि कोरा चहा मात्र बहुतेकांना 2 तास आधीपर्यंत चालतो. गरोदरपण, जुना मधुमेह किंवा आतड्याचा अडथळा असेल तर पोटातले वर येण्याचा धोका जास्त असतो, तिथे भूलतज्ज्ञ वेगळी वेळ देतात.

‘रात्री 12 नंतर थेंबभर पाणीही नाही’ हा सरसकट नियम अजून बऱ्याच ठिकाणी चालतो. दुपारी 2 च्या ऑपरेशनसाठी माणसाला 14 तास तहानलेला ठेवून काहीच साधत नाही. डोके दुखते, सलाईनसाठी शीर सापडत नाही. आदल्या संध्याकाळीच विचारा, ‘पाणी नेमके किती वाजेपर्यंत?’ आणि ती वेळ कागदावर लिहून उशाशी ठेवा. चुकून काही खाल्लेच, तर ओरडा बसेल या भीतीने लपवू नका.

गोळ्यांचेही तेव्हाच विचारून घ्या. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन साधारण 3 दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी ती चालू राहिली तर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकते. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंदही करू नका आणि चालूही ठेवू नका.

प्रश्न : पोटाच्या ऑपरेशननंतर तीन चेंडूंचे यंत्र दिले. आई जोरात फुंकते, पण चेंडू हलत नाहीत. यंत्र खराब आहे का? (जालना)

उत्तर : यंत्र ठीक आहे. त्यात फुंकायचे नसते, हवा आत ओढायची असते. बहुतेक रुग्णांचा हाच घोटाळा होतो, कारण यंत्र हातात ठेवून ‘हे करा’ एवढेच सांगितले जाते. टाके दुखतात म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो, तिथे कफ साचतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप येऊ शकतो.

आईंना टेकून ताठ बसवा. आधी पूर्ण श्वास सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि सावकाश ओढायचे. एक-दोन चेंडू वर गेले की 3 सेकंद तसेच धरायचे. तिन्ही चेंडू झटक्यात उडवणे ही मुलांची गंमत झाली, त्यात श्वास खोल जात नाही. जागेपणी दर तासाला 10 वेळा, मध्ये विश्रांती घेत. चक्कर आली तर थांबायचे. नंतर उशी टाक्यांवर दाबून दोनदा खोकायला लावा. उशी धरली की ‘टाके उसवतील’ ही धास्तीही कमी होते. दुखण्याची गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने केले तर हे सगळे सुसह्य होते.

प्रश्न : भात खाल्ल्याने जखमेत पू होतो का? (चिपळूण)

उत्तर : नाही. पू जंतूंमुळे होतो. वाढलेली साखर, तंबाखू आणि मिश्री त्याला हातभार लावतात. भाताचा काही दोष नाही. खरे नुकसान होते ते आठवडाभर नुसत्या पेजेवर आणि वरणाच्या पाण्यावर ठेवल्याने. जखम भरायला प्रथिने लागतात, 50 किलो वजनाला दिवसाला साधारण 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम 6 ग्रॅम असतात, यावरून अंदाज घ्या. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, मासे, जे घरात चालते ते द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : लघवीची पिशवी आम्ही रिकामी केली म्हणून सिस्टर चिडल्या. मदतच केली ना? (पनवेल)

उत्तर : सिस्टरांचा हिशेब बुडाला. 60 किलोच्या माणसाला तासाला किमान 30 मिली लघवी व्हावी लागते. त्याहून कमी झाली तर आत रक्तस्राव होतोय का, पाणी कमी पडतेय का, की नळीच मुडपली आहे, हे पाहावे लागते. मोजमाप न करता ओतून टाकली तर हा इशारा हातचा जातो. मदत करायचीच तर पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकता लटकलेली आहे ना, ते बघा. स्ट्रेचरवर नेताना ती पोटावर ठेवली जाते, तेव्हा साचलेली लघवी जंतूंसकट मागे मूत्राशयाकडे वळू शकते. तेवढ्यापुरते टोका.