सॉफ्टबॉलमध्ये उजव्या हाताने खेळणाऱ्या मुलींना राइट फील्डकडे (मैदानाच्या उजव्या भागाकडे) फटका मारायला कसे शिकवावे?

आपल्या शालेय संघातील उजव्या हाताने बॅटिंग करणाऱ्या मुली बाहेरच्या कोपऱ्यावरचा, म्हणजे शरीरापासून दूरचा चेंडूही डावीकडेच ओढतात आणि शॉर्टस्टॉपकडे (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षकाकडे) सोपे ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारे फटके, देऊन बाद होतात, असे आपण लिहिले आहे. मुलींच्या संघांना सॉफ्टबॉल शिकवताना मलाही हीच अडचण वारंवार आली आहे. माझ्या मते यासाठी मुलींचा स्विंग बदलायचा नसतो. चेंडू बॅटला जिथे लागतो ती जागा बदलायची असते.

आतल्या बाजूचा चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे गाठावा लागतो, म्हणून तो डावीकडे जाणे योग्यच आहे. बाहेरचा चेंडू मात्र आणखी जवळ, साधारण पुढच्या मांडीच्या रेषेत येऊ द्यावा लागतो. बॅटचे टोक हातांच्या किंचित मागे असतानाच तो लागला, तर फर्स्ट आणि सेकंड बेसच्या मधून, म्हणजे उजवीकडे, सहज निघून जातो. त्याला पुढेच गाठण्याची घाई केली की मनगटे त्याच्यावर उलटतात आणि चेंडू जमिनीवर आपटतो. आपल्याकडच्या बऱ्याच मुली गल्लीत क्रिकेट खेळून आलेल्या असल्यामुळे मिडविकेटकडे ओढण्याची त्यांना सवय असते. पण त्याच मुलींना "चेंडू उशिरा खेळ" एवढे सांगितले तरी नेमके काय करायचे ते लगेच कळते.

एका मुलीला मी सुरुवातीला "उजवीकडे मार" असे सांगत राहिलो, आणि ती हात ताठ करून बॅट नुसती ढकलू लागली. परिणामी फर्स्ट बेसवर अलगद झेल जाऊ लागले. ती चूक माझ्या सूचनेची होती. मग मी टी (चेंडू ठेवायची उभी दांडी) होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरजवळच्या पांढऱ्या पाटीच्या, बाहेरच्या कडेला, नेहमीपेक्षा दोन चेंडूंइतकी मागे ठेवली, पिवळ्या चेंडूच्या तिच्याकडील मागच्या बाजूला स्केचपेनने लाल ठिपका काढला आणि फक्त ठिपक्यावर मारायला सांगितले. दिशेचा उल्लेखही केला नाही. पुढचा खांदा बंद राहिला, हात शरीराजवळून आले, आणि काही फटक्यांतच चेंडू जाळीच्या उजव्या भागावर जोरात आदळू लागला.

टीवर हे जमले की पाच-सहा मीटरवरून, जाळीआडून, हलके चेंडू टाकावेत. पहिले काही दिवस सर्व बाहेरचे, नंतर न सांगता मधूनच आतला. आतला चेंडू उजवीकडे ढकलू देऊ नये, तो ओढूच द्यावा, अन्यथा तिची ताकदच हरवते. मुलींच्या सामन्यात पिचर (चेंडू टाकणारी) 13.11 मीटरवर असते आणि वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो, त्यामुळे चेंडू सुटल्यावर विचाराला वेळ उरत नाही. म्हणून एकही बाद नसताना सेकंड बेसवर धावपटू असेल, तर बाहेरच्या चेंडूचीच वाट पाहायची हे बॅटरने आधी ठरवून उभे राहावे. उजव्या बाजूचा ग्राउंडर अडवला गेला तरी धावपटू बहुधा थर्ड बेस गाठते.

सुरुवातीला अनेक फटके उजवीकडे फाउल, म्हणजे रेषेबाहेर, जातील. तेव्हा कृपया तिला रोखू नका. ती चेंडूसाठी थांबायला शिकते आहे.