शाळेतून समुपदेशकाला भेटा म्हणून फोन आलाय, मुलीवर शिक्का बसेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत, कराडला, महिनाभर गप्प गप्प आहे, डबा तसाच परत येतो, बाईंनी शाळेतल्या समुपदेशक मॅडमना भेटा म्हणून फोन केला आणि सासूबाई म्हणतायत अजिबात जायचं नाही, पोरीचं नाव खराब होईल. मी सांगलीची, पतसंस्थेत कामाला, डॉक्टर बिक्टर नाही. पण हाच फोन मला आलेला दोन वर्षांपूर्वी, माझा मुलगा सहावीत होता तेव्हा. त्या दिवशी माझी कॅश जुळेना, डोक्यात एकच, हे माझ्या पोराला वेडा म्हणतायत काय.

त्याचं काय व्हायचं, सकाळी पोट दुखायचं. दप्तर भरलेलं, बूट घातलेले, आणि रिक्षावाल्या मामांनी हॉर्न दिला की पोट धरून दारातच खाली बसायचा. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. दृष्ट पण काढून झाली, मी पण नको म्हटलं नाही, खोटं कशाला बोलू.

मॅडमनी पहिल्या भेटीत पोराला फार काही विचारलंच नाही, मलाच विचारत बसल्या. रविवारी दुखतं का? आदल्या रात्री घरात काय झालेलं? मला एकाचंही उत्तर धड देता येईना. मग म्हणाल्या महिनाभर मांडून ठेवा. मी आपलं कालनिर्णयवर, जिथं दुधाचा खाडा मांडते तिथंच, दुखलं त्या दिवशी लाल पेनानं फुली मारायला लागले. महिना संपल्यावर बघते तर फुल्या एक आठवडा आहेत, एक आठवडा नाहीत, परत एक आठवडा आहेत. शाळेत असं आठवडाआड काय असतं? काहीच नसतं. आठवडाआड बदलायची ती ह्यांची कुपवाड एमआयडीसीतली शिफ्ट. फर्स्ट शिफ्ट असली की हे संध्याकाळी घरी, आणि घरी असले की गणित घेऊन बसायचे, आणि ह्यांचा आवाज असा की शेजारचे टीव्ही बारीक करायचे. हात कधी उचलला नाही हां. पण सकाळी पोट दुखायचंच.

हे यायला तयारच नव्हते. तिसऱ्या भेटीला कसंबसं नेलं, तर खुर्चीत बसल्या बसल्या सुरू, आमच्या वेळी नव्हतं असलं काही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, मग तुमच्या वेळी गणिताची भीती वाटली की तुम्ही काय करायचा? हे म्हणाले, उसात जाऊन बसायचो दिवसभर. म्हणाले आणि स्वतःच गप्प झाले. गणित आता माझी बहीण घेते, आणि हे संध्याकाळी त्याला सायकलवर फिरवून आणतात.

आता शिक्क्याचं. शाळेच्या दाखल्यावर असला कुठला रकानाच नसतो. समुपदेशक गोळ्या देत नाहीत, तो अधिकार मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा. मुलगी जे बोलेल ते त्या सगळं तुम्हाला पण सांगणार नाहीत, ह्याचा मला आधी लई राग आलेला, माझंच पोर आणि मलाच नाही सांगणार? पण जिवाला धोका वाटला तर त्याच दिवशी सांगेन असं त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि पोरगं बोलायला लागलं ते त्यामुळंच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात पण उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलेला आहे. आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक ठेवायला सांगितलंय, म्हणजे तुमच्या एकटीच्या पोरीसाठी शाळेनं हे काही वेगळं काढलेलं नाही.

सासूबाईंना एक विचारा. २०१९ ला आमच्याकडं पूर आला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, त्यानंतर दोन तीन वर्षं नुसता पाऊस लागला तरी गल्लीतली पोरं विचारायची, आयर्विनला किती फूट झालं? तेव्हा त्यांना कुणी वेडी म्हटलं नाही, जवळ घेतलं. ती भीती दिसत होती म्हणून. तुमच्या मुलीची दिसत नाही एवढंच.

शाळेतल्या मॅडमशी नाहीच पटलं तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात, आईनं स्वतःसाठी केला तरी चालतो. सरकारी दवाखान्यात बऱ्याच ठिकाणी १० ते १९ वयाच्या मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथं पण विचारा. फक्त मुलगी मरणाबिरणाचं बोलली किंवा हातावर वळ, कापल्याच्या खुणा दिसल्या तर हे मांडणं बिंडणं काही करू नका, सरळ सिव्हिलला मानसोपचार विभागात घेऊन जा, तिला एकटं सोडू नका.

आणि पहिल्याच भेटीला मिस्टरांना सोबत न्या. आम्ही तिसऱ्या भेटीला नेलं, तेवढे दोन महिने पोरानं उगाच काढले.