कांथा बघायला निघालात? आधी पांढरी जागा बघा

कांथा म्हणजे जुन्या कापडाचे थर एकत्र शिवून त्यावर केलेलं बंगालचं भरतकाम. संग्रहालयात तो बघायला पहिल्यांदा जाणारे सगळे थेट मधल्या कमळापाशी जातात. जा, पण तिथेच अडकू नका. आकृत्यांच्या मधलं पांढरं कापड बघा. तिथेही बारीक धावदोरा घातलेला असतो आणि त्यानेच कापडावर त्या हलक्या लाटा उमटतात. माझ्या मते हाताचा कस तिथे कळतो. हत्ती-घोडे बरे काढणाऱ्या पुष्कळ जणी असायच्या. समोरून टाके नीट दिसत नाहीत, काचेच्या बाजूला सरकून तिरपं बघा.

कापड म्हणाल तर आपल्या गोधडीसारखंच, जुन्या साड्या-धोतरांचे थर. रंगीत दोराही बरेचदा साडीच्या काठातून काढलेला, म्हणून जुन्या कांथ्यांत लाल-निळा जास्त.

आकारावरून वापर ओळखा. मोठी सुजनी अंथरायची, आर्शिलतेत आरसा-कंगवा गुंडाळायचा. फलकावर नुसतं 'कांथा' लिहिलेलं असतं तेव्हा हे उपयोगी पडतं.

कोलकात्यात जोका भागातलं गुरुसदय संग्रहालय चुकवू नका, फक्त उघडं आहे ना ते आधी विचारून घ्या. तिथला 19व्या शतकातला मानदासुंदरीचा कांथा शोधाच. तो तिने वडिलांसाठी केला आणि टाक्यांनी तसं लिहूनही ठेवलं. बहुतेक कांथ्यांवर करणारीचं नावच नसतं, म्हणून अशी अक्षरं दिसली की थांबायचं. अमेरिकेत असाल तर फिलाडेल्फियाच्या कला संग्रहालयात कला-इतिहासकार स्टेला क्रॅमरिश यांनी जमवलेले कांथे आहेत. जुनं सुती कापड कायम उजेडात ठेवत नाहीत, तेव्हा सध्या काय मांडलंय हे निघण्याआधी विचारून घ्या.