टेस्ट निगेटिव्ह, पण पाळी येत नाही

प्रश्न : माझं वय २६. पाळी २८ ते ३६ दिवसांनी येते. मागची १ मार्चला आली. १८ मार्चला संबंधाच्या वेळी कंडोम फाटला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी इमर्जन्सी गोळी घेतली. त्यानंतर संबंध आलेला नाही. २५ आणि २८ मार्च, मग २, ६ आणि १२ एप्रिल अशा पाच टेस्ट घरी केल्या, सगळ्या निगेटिव्ह. शेवटची दुपारी केली, भरपूर पाणी पिऊन. २ एप्रिलची पट्टी मात्र रात्री कचऱ्यातून काढून पाहिली, तर दुसरी फिकट रेघ दिसली. आज १४ एप्रिल, पाळी नाही. छाती दुखते, पोट फुगल्यासारखं वाटतं. पाचही टेस्ट चुकल्या असतील का? रात्र रात्र झोप लागत नाही.

उत्तर : तुम्ही तारखा लिहून पाठवल्यात हे फार बरं झालं. टेस्ट किती केल्या यापेक्षा त्या कितव्या दिवशी केल्या याला महत्त्व असतं.

आपण उशिरात उशिराचा हिशोब धरू. शुक्राणू शरीरात जास्तीत जास्त ५ दिवस तग धरतात, म्हणजे २३ मार्चपर्यंत. त्या दिवशी बीज सुटून फळलं असं समजलं, तरी ते गर्भाशयात रुजायला ६ ते १२ दिवस लागतात. म्हणजे २९ मार्च ते ४ एप्रिल. पट्टी ज्या एचसीजीचा शोध घेते, ते हार्मोन रुजल्यानंतरच लघवीत उतरू लागतं आणि सुरुवातीला साधारण दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होत जातं. बहुतेक घरगुती पट्ट्यांना रेघ उमटवण्यासाठी मिलिलिटरमागे २५ मिली-युनिटच्या आसपास एचसीजी लागतं.

आता तुमच्या टेस्ट पाहा. २५ आणि २८ मार्चच्या म्हणजे संबंधानंतर ७ आणि १० दिवसांच्या. त्या दोन्ही मनातून खोडून टाका, इतक्या लवकर आलेल्या निगेटिव्हला काही अर्थ नसतो. २ एप्रिलची १५व्या दिवसाची, ६ एप्रिलची १९व्या दिवसाची. या दोन बऱ्यापैकी दिलासा देतात, पण खात्री देत नाहीत. १२ एप्रिलची २५व्या दिवसाची, आणि हीच तुमची खरी टेस्ट. पाळी नियमित असो वा नसो, शेवटच्या असुरक्षित संबंधानंतर २१ दिवस उलटून गेले की नीट केलेल्या टेस्टवर विश्वास ठेवता येतो. तुमच्या बाबतीत खटकतं ते एवढंच, की ती पाणी पिऊन दुपारी केली. पातळ लघवीत एचसीजीही विरळ होतं. म्हणून उद्या सकाळी आणखी एक टेस्ट करा. एकच.

ती अशी करा. पाकिटावरची मुदत बघा. पाकीट वापरायच्या क्षणी फोडा, आधी उघडून ठेवलेली पट्टी दमट हवेने बिघडते. उठल्यावरची पहिली लघवी कोरड्या, स्वच्छ भांड्यात घ्या. साबणाचा अंश नको. कॅसेट, म्हणजे छोट्या खिडकीची प्लास्टिकची टेस्ट, असेल तर सोबतच्या ड्रॉपरने पत्रकात लिहिले असतील तेवढेच थेंब खिडकीत टाका, बहुतेकदा ३ असतात. बुडवायची पट्टी असेल तर बाणाखालच्या रेषेपर्यंतच बुडवा, सेकंद पत्रकात दिलेले असतात. रेषेच्या वर बुडाली तर टेस्ट बिघडते. मग ती सपाट जागी आडवी ठेवा आणि मोबाइलवर ५ मिनिटांचा गजर लावा. टेस्टवर सी आणि टी अशी दोन अक्षरं असतात. सी ची रेघ टेस्ट नीट चालली हे सांगते, टी ची दिवस गेले का ते. सी पाशी रेघ आलीच नाही तर ती टेस्ट बाद, टी पाशी काहीही दिसो. सी पाशी रेघ आहे आणि टी पाशी नाही, तर निगेटिव्ह. १० मिनिटांनंतर ती पट्टी पुन्हा बघायची नाही.

कचऱ्यातल्या पट्टीवर रात्री दिसलेली रेघ यातूनच आली. लघवी वाळली की टी च्या जागी करड्या, रंगहीन सावलीसारखी पुसट रेघ उमटते. खरी रेघ ठरलेल्या वेळेत येते, सी च्या रेघेसारखीच गुलाबी किंवा निळी असते आणि तितकीच रुंद असते. फिकट असली तरी तिला रंग असतो. आणि २ एप्रिलला खरंच दिवस गेलेले असते तर दहा दिवसांनी, १२ तारखेला, रेघ गडद व्हायला हवी होती. ती आलीच नाही.

मग पाळी का अडली? सगळ्यात जवळचं कारण इमर्जन्सी गोळी. ही गोळी बीज सुटणं पुढे ढकलते, आणि बीज उशिरा सुटलं की पाळीही उशिरा येते. तुमच्या ३६ दिवसांच्या चक्राप्रमाणे पाळी ६ एप्रिलला येणार होती, म्हणजे आज ८ दिवस उशीर झाला आहे. गोळीनंतर असं होऊ शकतं. त्यात झोप नाही, सततचा ताण. त्यानेही पाळी लांबते. छाती दुखणं आणि पोट फुगणं प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे पाळीच्या आधीही होतं, दिवस गेल्यावरही होतं, त्यामुळे अंगावरून ओळखता येणार नाही.

तुम्हाला कुणी ‘हुक इफेक्ट’चं नाव सांगितलं असेल. एचसीजी प्रचंड वाढल्यावर पट्टी फसते, हे खरं आहे, पण ते क्वचित घडतं आणि गर्भ कित्येक आठवड्यांचा झाल्यावर. २५व्या दिवशी तुम्ही त्याच्या आसपासही नाही. दोन-तीन महिने पाळी नसेल आणि पट्टी निगेटिव्ह असेल, तर मात्र पट्ट्या बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी.

उद्याची टेस्ट निगेटिव्ह आली की दिवस गेले की नाही हा प्रश्न मिटला. तरी मन मानत नसेल तर आणखी पट्ट्या आणू नका, रक्ताची बीटा एचसीजी करून घ्या. ५ पेक्षा कमी आकडा म्हणजे दिवस गेलेले नाहीत. दर नव्या पट्टीने काही तास हलकं वाटतं आणि मग शंका आधीपेक्षा मोठी होऊन परत येते. हा भित्रेपणा नाही, काळजीचा स्वभावच तसा. आठवडाभर झोप आलीच नाही तर त्यासाठीही डॉक्टरांना भेटा, ते कारण पुरेसं आहे. पाळी आणखी दोन-तीन आठवडे आली नाही तर डॉक्टर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या तपासण्या आणि गरज पडल्यास सोनोग्राफी करायला सांगतील. पाळी आणायच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.

एका गोष्टीत मात्र वाट पाहू नका. ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाशी दुखणं, चक्कर येऊन पडणं, किंवा दुखण्यासोबत रक्तस्राव. गर्भ नळीत रुजला असेल तर एचसीजी कमी असू शकतं आणि पट्टीही धोका देऊ शकते. असं काही झालं तर पट्टी काय सांगते ते न बघता लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझी पाळी कधी ४० तर कधी ७० दिवसांनी येते. ‘पाळी चुकल्यावर टेस्ट करा’ म्हणतात, पण माझी चुकली हे मला कळणार कसं?

उत्तर : तुम्ही पाळी मोजूच नका, संबंधाची तारीख लिहून ठेवा आणि तिथून २१ दिवसांनी सकाळी टेस्ट करा. मधे पुन्हा असुरक्षित संबंध आला तर नव्या तारखेपासून मोजणी सुरू. घेताना पाकीट नीट वाचा. बीज सुटण्याचा दिवस ओळखायच्या पट्ट्या दिसायला अगदी अशाच असतात. त्या एलएच हे दुसरं हार्मोन शोधतात आणि त्यांवर दुसरी फिकट रेघ बहुतेक दिवशी असतेच.

प्रश्न : टेस्ट निगेटिव्ह आली, नंतर पाळीही आली, पण दीडच दिवस आणि अगदी कमी. ती खरी पाळी धरायची का?

उत्तर : ती टेस्ट २१ दिवसांनंतरची असेल तर धरा. इमर्जन्सी गोळी घेतली असेल किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, तर पाळी कमी जाणं नेहमीचंच. टेस्ट त्याआधीची असेल तर नुसते डाग पाहून निश्चिंत होऊ नका, रुजतानाही थोडे डाग लागू शकतात. २१ दिवस भरले की सकाळची एक टेस्ट करून टाका.