बी.कॉम. झाल्यावर राज्यशास्त्रात एम.ए. करता येतं का?

हो, बहुतेक ठिकाणी येतं. पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण टक्क्यांची अट प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते. माहितीपत्रक नीट वाचा. जेएनयू, दिल्ली विद्यापीठ यांसाठी एनटीए ही केंद्रीय परीक्षा संस्था घेते ती सीयूईटी-पीजी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नोकरी सांभाळून करायचं तर इग्नू हे मुक्त विद्यापीठ आहेच.

खरी अडचण प्रवेशाची नाही, भाषेची आहे. महाराष्ट्रातल्या बऱ्याच विद्यापीठांत पेपर मराठीत लिहिता येतो, म्हणून मीही तसंच केलं. पुढे नेटला (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेला) बसलो, तर प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजी-हिंदीत! 'अधिमान्यता' म्हणजे 'लेजिटिमसी' हे आठवेपर्यंत वेळ निघून जायचा. पहिल्या दिवसापासून वहीत दोन रकाने करा, मराठी संज्ञा आणि शेजारी इंग्रजी. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत मात्र राज्यशास्त्र हा वैकल्पिक विषय मराठीतून लिहिता येतो.

प्राध्यापक व्हायचं असेल तर एम.ए.ला ५५ टक्के हवेतच (राखीव प्रवर्गांना ५०). माझ्या एका मित्राला ५४ पडले आणि तो अजून स्वतःवर चिडतो.

कॉमर्सवाल्यांना पाश्चात्त्य राजकीय विचार सुरुवातीला जड जातो. सुट्टीतच प्लेटो, हॉब्ज उघडा. भारतीय राजकारण तर तुम्ही चहा पिताना शिकलेलेच असता.