भाषा काळानुसार कशा बदलतात याचा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी संस्कृत यायलाच हवं का?

संस्कृत आलं तर उत्तमच. पण त्याआधी प्राकृताशी ओळख करून घ्या. हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

एम.ए.ला असताना मी वर्गात एक निबंध वाचला होता. फळ्यावर रांगा मांडल्या. संस्कृत हस्त, सप्त, अष्ट, कर्ण, कर्म. प्राकृत हत्थ, सत्त, अट्ठ, कण्ण, कम्म. मराठी हात, सात, आठ, कान, काम. जोडाक्षरातली वेगळी व्यंजनं आधी एकाच जातीची झाली, मग त्यातलं एक गळलं आणि आधीचा ऱ्हस्व स्वर दीर्घ झाला. शेजारी आजची पंजाबी लिहिली: हत्थ, सत्त, अट्ठ, कन्न, कम्म. जी पायरी आपण शतकांपूर्वी ओलांडली, तिच्यावर पंजाबी अजून उभी आहे! हे पहिल्यांदा दिसलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

सर म्हणाले, "हे सगळे अपभ्रष्ट उच्चार. अडाण्यांच्या जिभेला जोडाक्षर पेललं नाही, एवढंच." मी विचारलं, तसं असतं तर ज्याने त्याने आपापल्या परीने मोडतोड केली असती, शब्दामागून शब्दात हीच शिस्त कुठून आली? उत्तर मिळालं नाही, गुण मात्र कापले गेले. माझं म्हणणं आजही तेच आहे.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ ग्रिमने १८२२ साली जर्मानिक (इंग्रजी, जर्मन यांच्या कुळातल्या) भाषांतले व्यंजनबदल असेच नियमात बसवले. त्या नियमाला न जुमानणाऱ्या शब्दांचा एक मोठा गट डॅनिश भाषाशास्त्रज्ञ व्हेर्नरने १८७७ मध्ये आघाताच्या, म्हणजे शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर पडतो त्याच्या, जागेवरून उलगडला, आणि तो आघात मूळचा कुठे होता हे वेदांच्या भाषेवरून कळलं. संस्कृत हवं ते असा पुरावा म्हणून. मोजपट्टी म्हणून नको.

सुरुवात घरबसल्या करा. हाथ-हात, भूख-भूक, सीखना-शिकणं अशा हिंदी-मराठी जोड्या वहीत उतरवा. मराठीत महाप्राण (थ, ख, ध यांतला 'ह'सारखा श्वास) कुठे गेला आणि आठ, दूध यांत का टिकला, यावर डोकं खपवा. मग ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ वाचा. मूळ फ्रेंच आहे, पण मराठीत आलेला आहे.

एक राहिलं. रक्त, पत्र असे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले आहेत, ते या हिशेबात धरू नका. शिवाय मी फक्त ध्वनींबद्दल बोललो. वाक्यरचना कशी बदलते हा अभ्यास वेगळा, आणि तितकाच मोठा.

आणि मार्गदर्शक नीट पारखून घ्या. बोलींतल्या रूपांना जो पहिल्याच भेटीत 'अशुद्ध' म्हणेल, त्याच्याकडे नाव नोंदवू नका.